मूळ प्रत मोठीला, कार्बन धाकट्याला

रविवार, ३ मार्च

चि. मोठी आणि चि. धाकटा,

अनेक आशीर्वाद. मागचे पुरले नसावेत, नाहीतर त्या पत्राचं उत्तर एव्हाना आलं असतं.

नेहमीप्रमाणे एकच पत्र कार्बन घालून लिहिते आहे. या खेपेला मूळ प्रत मोठीला, कार्बन धाकट्याला. मागच्या खेपेला उलट होतं, तेव्हा "आई त्याचेच लाड करते" असं कुणी म्हणू नये. कार्बन आता म्हातारा झालाय, त्यामुळे धाकट्याला शेवटच्या ओळी फिकट दिसतील. शेवटच्या ओळींत मी "घरी कधी येतोस" एवढंच विचारते, आणि ते त्याला ठळक लिहिलं तरी दिसत नाही.

फोन करू नका असं माझं म्हणणं नाही, खुशाल करा. तुमचे वडील उचलतात, "ठीक आहे, ठीक आहे" म्हणतात आणि फोन माझ्या हातात देतात. मला आतून माशी गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू येतं, मग मीही "ठीक आहे" म्हणते. मोठीने आणलेलं कानाचं यंत्र उत्तम आहे. कपाटात अगदी सुरक्षित आहे. ते घातलं की तुमच्या वडिलांचं घोरणं ऐकू यायला लागतं. देवाने एक गोष्ट आपणहून बंद करून दिली, ती पुन्हा उघडायची कशाला?

आता घरची बातमी. मागच्या महिन्यात तुमचे वडील शिडीवरून पडले. डावं मनगट मोडलं. परवा प्लास्टर निघालं, म्हणून आज कळवते. माझा नियम तुम्हाला माहीत आहे: वाईट बातमी शिळी झाल्याशिवाय पानात वाढायची नाही. ताजी कळवून तुम्ही करणार काय? मोठी तिकडून सूचनांची यादी पाठवणार आणि धाकटा "काळजी वाटते" असं लिहून मोकळा होणार. वरातीमागून घोडं येणारच असेल तर आम्हीही वरात सावकाश काढतो.

पडले कसे तेही ऐकून ठेवा. आपल्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याला नवा बोर्ड हवा होता, जुन्यासारखा हुबेहूब. "हुबेहूब" हा शब्द ऐकला की तुमच्या वडिलांना जेवण लागत नाही. जुन्या बोर्डावर एक अक्षर जरा तिरकं पडलं होतं, यांनी तेही तिरकंच उतरवलं, तितकंच तिरकं. मग लांबून कसं दिसतं ते बघायला दोन पावलं मागे सरकले. शिडीवर. शिडीला मागे जागा नसते हे चाळीस वर्षं बोर्ड रंगवून कुणी त्यांच्या कानावर घातलं नसावं. खाली पडल्या पडल्या पहिला प्रश्न, "रंग पुसला नाही ना?" मी म्हटलं, तुम्ही पुसले गेला नाहीत यावर समाधान माना.

बाकी गिऱ्हाईक म्हणाल तर हल्ली सगळे बोर्ड छापूनच आणतात. हे रोज दुकान उघडतात, डबे ढवळतात, ब्रश धुतात आणि दमून वर जेवायला येतात. काय दमतात म्हणून सांगू!

धाकट्या, तू हॉटेलात आल्यागेल्याचं हसून स्वागत करतोस, दुसऱ्यांच्या आईबापांना खिडकीजवळची खोली देतोस, ऐकून ऊर भरून येतो. सीझन संपला की येतो म्हणालास. तुझा सीझन म्हणजे तुमच्या वडिलांचा "पाच मिनिटांत आलो" झालाय. आणि मोठे, तू विमा कंपनीत बसून लोकांचे खोटे दावे पकडतेस. "पुढच्या महिन्यात नक्की येते" हा दावा कोणाच्या टेबलावर आहे, तेवढं बघ.

येता ते आळीपाळीने येता. एक आला की दुसरा किती कामात आहे याचं कौतुक ऐकून घ्यावं लागतं. माझं मागणं फार नाही. एकदा दोघं एकाच वेळी या. मला तुम्हाला दोघांना समोरासमोर बसवून बोलायचंय, मध्ये कार्बन न घालता.

तुमची आई

(समासात लिहिते आहे, मान वाकडी करून वाचा. कागद संपलाय, बोलणं संपलेलं नाही. मोठे, तू पाठवलेल्या स्वेटरमध्ये तुझे वडील पाकिटात घातलेल्या उशीसारखे दिसतात. पण काढत नाहीत.)


शुक्रवार, ८ मार्च

प्रिय आई,

पत्र मिळालं, शेवटच्या ओळींसकट. तुझा कार्बन म्हातारा असला तरी बोचरा आहे.

बाबा पडले हे वाचून काळजी वाटते. (लिहिलं बघ, तू म्हणाली होतीस तसं.) त्यांना सांग, लांबून बघायचंच असेल तर मी इथून बघतो, बराच लांब आहे.

सीझनचं म्हणशील तर खरंच जीव नकोसा झालाय. काल एका पाहुण्याने उशी फार उशीसारखी आहे अशी तक्रार केली. मी हसून बदलून दिली. घरी आलो की तीन दिवस कुणाकडे बघून हसणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पुढच्या महिन्याचं बघतो.

तुझा,
धाकटा


शनिवार, ९ मार्च

आई,

मनगटाचा एक्स-रे पुन्हा काढून घ्या. शिडीच्या पायांना रबर लावा. कानाचं यंत्र आठवडाभर थोडं थोडं घाल, सवय होते. बाबांनी एकट्याने शिडीवर चढायचं नाही. तू रक्तदाब तपासून किती दिवस झाले? ही यादी आहे हे मला माहीत आहे, हसू नकोस.

माझा दावा खोटा नाही, फक्त प्रलंबित आहे. दोघांनी एकदम यायचं तर धाकट्याची तारीख मिळायला हवी, आणि ती मिळवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मोठी


रविवार, १७ मार्च

प्रिय मोठी व प्रिय धाकटा,

मी बरी आहे. तुमचे बाबा बरे आहेत. हवा बरी आहे.

तुमची पत्रं मिळाली. वाचून आनंद झाला. मागच्या रविवारी पत्र लिहिता आलं नाही कारण वेळ मिळाला नाही.

मोठी, तू गुणी मुलगी आहेस. धाकट्या, तूही गुणी आहेस. तुम्ही दोघं कामात असता हे मला समजतं. येण्याची घाई करू नका.

तुमचे बाबा हल्ली घरात मदत करतात. त्यांना अंडी उकडता येतात. ते समजूतदार आहेत.

चष्मेवाल्याचा बोर्ड चांगला झाला आहे. पार्श्वभूमी निळी आहे. हा निळा डब्यातला नाही, त्यात थोडा काळा आणि अगदी किंचित हिरवा घालावा लागतो, नाहीतर उन्हात उडतो. अक्षरांना उजवीकडून सावली दिली आहे. त्यामुळे ती उठून दिसतात. समोरच्या फुटपाथवरूनही वाचता येतो. काल एक गृहस्थ थांबून बघत होते. बराच वेळ बघत होते.

काळजी करू नका.

तुमची आई


शुक्रवार, २२ मार्च

धाकट्या,

जवळ खुर्ची असेल तर बस. आईने मला गुणी म्हटलंय.

मी पत्र तीनदा वाचलं. तिने यापूर्वी मला गुणी म्हटलं होतं ते शाळेत असताना, मला विषमज्वर झाला होता तेव्हा. ताप उतरल्यावर लगेच परत घेतलं. आता मला ताप नाही, मी मोजून पाहिला.

पण खरी गोम पुढे आहे. तिने बाबांना समजूतदार म्हटलंय. चष्मेवाल्याचे वडील आठव, आईच्या भाषेत जन्मभर "खवचट म्हातारा" होते. ज्या दिवशी गेले त्या दिवसापासून ते समजूतदार झाले. आपल्या घरात कौतुकाचा शब्द माणूस हयात असताना कुणाच्या वाट्याला आलाय का? मला वाटतं बाबांचं काहीतरी गंभीर आहे आणि ती बातमी शिळी करायला ठेवली आहे.

मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बाबांनीच उचलला, "ठीक आहे" म्हणाले, आणि आई बाजारात गेलीय असं सांगितलं. आवाज अगदी ठणठणीत होता, पण दरवेळी फोन ठेवायची घाई. आई दिवसभर बाजारात काय करतेय? बाजार विकत घेतेय का?

त्यात निळ्या रंगावर अख्खा परिच्छेद. आईला निळा रंग एकच माहीत आहे, बाबांच्या शर्टावरून न जाणारा.

आणि मूळ प्रत मलाच आलीय. मागच्या वेळीही मलाच होती. तुझा कार्बन बघून सांग, तुझ्यात काही वेगळं आहे का.

ताई


सोमवार, २५ मार्च

ताई,

माझ्याकडे कार्बन नाही. माझीही मूळ प्रत आहे!

पेनाने लिहिलेली, मागून हात फिरवला तर अक्षर उठलेलं लागतं. आज दुपारी रिसेप्शनवर उभं राहून मी ती उजेडात धरली तर प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारून खोडलेली. आईच्या ओळी कशा असतात? उतरणीवर सोडलेल्या गोट्यांसारख्या. इथे सगळ्या सरळ, दोन्ही बाजूंना सारखी मोकळी जागा सोडून, आणि समासात एक अक्षर नाही. आईने समास रिकामा सोडलाय, ताई! जी बाई एकच टोमणा दोनदा मारत नाही, ती एकच पत्र दोनदा लिहून काढेल?

तेव्हा हे पत्र बाबांनी लिहिलंय. आईचं अक्षर हुबेहूब उतरवलंय, पण ती कार्बन घालते हे त्यांना माहीतच नाही. इतकी वर्षं पाकिटं पेटीत टाकायचं काम त्यांच्याकडे होतं, आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही. कौतुकही आपलं आपणच करून घेतलंय. अंडी उकडतो म्हणून!

आता आई का लिहीत नाही? तू लगेच इस्पितळापर्यंत पोचशील, म्हणून आधीच सांगतो: भांडण झालंय. आईने रागाने पेन खाली ठेवलंय आणि बाबांनी अब्रू राखायला उचललंय. बाजारात जाते म्हणजे त्यांचं तोंड बघायला नको म्हणून जात असेल. आठवड्याभरात निवळेल. तोवर आपण गुणी आहोत तर राहूया, अशी संधी पुन्हा येणार नाही.

धाकटा


बुधवार, २७ मार्च

प्रिय आई,

तुझी सतरा आणि चोवीस तारखेची, दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात पिवळ्या रंगाची माहिती छान होती.

एक शंका आहे. दोन रविवार झाले, तू बाबांना एका शब्दाने बोललेली नाहीस. तुझी प्रकृती ठीक आहे ना? पुढच्या पत्रात बाबांबद्दल नीट, सविस्तर, नेहमीसारखं लिही. अंडी उकडण्यापलीकडे त्यांनी काय काय दिवे लावले ते कळू दे. नाही लिहिलंस तर मी मिळेल त्या गाडीने निघून येते.

तुझी गुणी,
मोठी


रविवार, ३१ मार्च

प्रिय मोठी व प्रिय धाकटा,

मी बरी आहे. हवा बरी आहे.

मोठीने विचारल्याप्रमाणे बाबांबद्दल लिहिते. तुमचे बाबा गाढव आहेत. ते फार मोठे गाढव आहेत. त्यांना कशातलं काही कळत नाही.

त्यांनी भात करपवला. फक्त खालचा थर करपला, वरचा चांगला होता. पण करपवला हे खरं आहे. दूध दोनदा उतू घालवलं. चादरी धुताना त्यात रंगाचं फडकं गेलं, आता दोन चादरी हिरवट आहेत. हिरवा वाईट नाही, पण चादरीला शोभत नाही.

त्यांना साधी वेणी घालता येत नाही. तीन पेड असतात एवढं त्यांना माहीत आहे, पण मधला पेड कुठून कुठे जातो ते लक्षात राहत नाही. रोज सकाळी खूप वेळ लावतात आणि दुपारपर्यंत वेणी सुटते. गुंता काढताना केस ओढले जातात. मला दुखत असणार, पण मी काही बोलत नाही.

सूप भरवताना हनुवटीवर सांडतात. एकूण निरुपयोगी माणूस आहे.

तरी येण्याची घाई करू नका.

तुमची आई


शनिवार, ६ एप्रिल

धाकट्या,

घरून लिहिते आहे. ते पत्र तुलाही आलं असेल. मी वेणीपर्यंत वाचलं आणि ऑफिसातून थेट स्टेशनवर गेले.

आधी मुद्द्याचं. बाबा ठणठणीत आहेत. आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात हलत नाही आणि बोलणं गेलंय. दहा मार्चला, रविवारी सकाळी, पत्र लिहायलाच बसली होती. कार्बन घातलेला होता (बाबांचं त्याकडे लक्षच गेलं नाही), वर तारीख लिहून झाली होती, आणि पेन हातातून पडलं. बाबांनी ते उचलून दिलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांच्या ध्यानात आलं. बाबांच्या बाजूने एवढं म्हणते की मग त्यांनी क्षणभरही दवडला नाही. खालून चष्मेवाल्याला हाक मारून तिला त्याच्या गाडीतून इस्पितळात नेलं. आठवड्याने घरी आणलं. डॉक्टर म्हणतात, समज पूर्ण शाबूत आहे, हात हळूहळू थोडाफार येईल, बोलण्याचं मात्र सांगता येत नाही.

मी आल्या आल्या बाबांवर जी ओरडले ती खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेली असेल. ते स्वेटर घालून ओट्यापाशी उभे होते, हातात चमचा. म्हणाले, "वाईट बातमी शिळी झाल्याशिवाय कळवायची नाही. तिचाच नियम आहे."

मी म्हटलं, "बाबा, ही शिळी व्हायची कधी?"

"ती बोलायला लागली की," म्हणाले. "मग तीच कळवणार होती. मला वाटलं एकदोन रविवार निभावून नेऊ."

खाली दुकानात त्यांच्या टेबलावर आईची जुनी पत्रं मांडून ठेवलेली आहेत, जी आपण कधीमधी परत आणून ठेवली होती ती. शेजारी सरावाचे कागद, ढीगभर. मला म्हणाले, "अक्षर दोन दिवसांत आलं गं हातात. पण त्यात घालायचं काय, ते काही येईना. ती इतकं कुठून आणायची?" आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. मीही रडले. मग त्यांनी विचारलं, "गाढव वाचून तरी खरं वाटलं होतं ना?" मी हो म्हटलं.

आता आईचं. तिच्याकडे एकच शब्द उरलाय. तो शब्द आहे "वा".

मी दारात दिसले, माझी बॅग, माझा अवतार, डोळे सुजलेले. खुर्चीतून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वा!" त्यात "आलात का, उपकार झाले" हे सगळं होतं, शपथेवर सांगते. डॉक्टर आले आणि प्रगती समाधानकारक आहे म्हणाले, "वा." बाबांनी सूप आणलं, "वा." त्या सुपाला तोच शब्द योग्य होता. मी वेणी घालून आरसा दाखवला तेव्हा मात्र वेगळाच "वा" आला, हळू. मी तोंड फिरवून कपाट आवरायला घेतलं. सुंभ जळलाय, पीळ जसाच्या तसा आहे.

तू ये. यात विनोद करायला जागा नाही, शोधू नकोस. मी वीस तारखेपर्यंत रजा टाकली आहे. तिने मागितलं होतं ते एवढंच.

ताई


बुधवार, १० एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. भांडण झालं असेल असं लिहिणारा मीच तो उंटावरचा शहाणा. माझं ते पत्र फाडून टाक.

मी येणारच आहे. फक्त आत्ता इथे दोन मोठी संमेलनं आहेत, सगळं हॉटेल भरलंय, आणि माझ्या जागी उभं राहील असं कुणी नाही. महिनाअखेरीला नक्की सुटतो. आई स्थिर आहे, डॉक्टर समाधानी आहेत, तू तिथे आहेस, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

हे वरचं सगळं वाचलं तर मलाच ते हॉटेलच्या माफीपत्रासारखं वाटतंय, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." तुझ्यापासून काय लपवू? मला भीती वाटते, ताई. मी आजवर आईच्या बोलण्यावर वाढलो. कुणी माझ्यावर ओरडलं की मला वाटतं, हे काहीच नाही, आमच्या आईला ऐका. ती नुसती बसलीय, मला काही बोलत नाहीय, हे मला बघवणार नाही. मी दारात उभा राहीन, ती काही म्हणणार नाही, आणि मी तिथून पळून जाईन.

महिनाअखेर. नक्की.

धाकटा


रविवार, १४ एप्रिल

चि. धाकट्यास,

हे पत्र मी लिहीत आहे. बाबा. हे अक्षर माझं स्वतःचं आहे. तू ते कधी पाहिलं नसशील. मीही बऱ्याच वर्षांनी पाहिलं. गावभर अक्षरं रंगवली म्हणून मला वाटत होतं की चांगलं असेल. तसं काही नाही.

तुझं पत्र मोठीने मला वाचून दाखवलं. आईला दाखवलेलं नाही. तिला एवढंच सांगितलं की तू महिनाअखेरीस येणार. ती "वा" म्हणाली. मोठीला या "वा"चे प्रकार कळतात. मला सगळे नाही कळत, पण हा कळला.

मला तुझ्या आईसारखं टोचून लिहिता येत नाही. प्रयत्न केला, तुम्ही वाचलातच. म्हणून सरळ लिहितो.

ती रोज दुपारी जिन्याकडे तोंड करून बसते. खुर्ची खिडकीकडे वळवली तर डाव्या हाताने दांडी धरून पुन्हा फिरवायला बघते. मोठी म्हणाली, उजेडात बसव, बरं वाटेल. मी दोनदा वळवली. मग माझ्या लक्षात आलं. जिना चढणाऱ्याचं पाऊल आपल्याला ऐकू येतं, मग आपण वर बघतो. तिला पाऊल ऐकू येत नाही. म्हणून ती दारावरची नजर काढतच नाही. जेवतानाही नाही. सूप सांडतं त्याचं कारण निम्मं तरी तेच आहे.

मोठी आली त्यानंतर मला वाटलं होतं, आता बसणार नाही. तरी बसते.

तुला भीती वाटते असं तू लिहिलंस. मलाही वाटते. रोज सकाळी उठून तिच्याकडे बघायच्या आधी वाटते. बघितल्यावर कमी होते.

तू ये.

बाबा


गुरुवार, १८ एप्रिल

आई,

हे पत्र गाडीत बसून लिहितो आहे, म्हणून ओळी तुझ्यासारख्या घरंगळल्या आहेत. मूळ प्रत आहे. कार्बन घातलेला नाही.

संमेलनवाल्यांना मी सांगून आलो की सीझन संपला. मालक म्हणाला, "हॉटेल तर भरलंय!" मी म्हटलं, "असू दे, माझा संपला." परत गेल्यावर नोकरी असेल की नाही ते तोच जाणे. नसेल तर बाबांबरोबर डबे ढवळत बसेन, तसाही मला बसून दमायचा अनुभव आहे.

तुला दोघांना समोरासमोर बसवून बोलायचं होतं. बोलायला एकच शब्द उरलाय असं ताई म्हणते. चालेल. तुझ्याकडे पूर्वी होते त्यातले निम्मे माझ्या वाट्याला आले आहेत, ते पुरवून वापरतो. ताईलाही फोन करून बसवून ठेवली आहे, तिची यादी तिने खाली ठेवली आहे. तू हवं तेवढं म्हण. मी पळून जाणार नाही.

इथून पुढचं खाली बाबांच्या दुकानात लिहितो आहे. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. बाबा ते मुद्दाम तुझ्या मांडीवर ठेवणार आहेत, कारण तू दारावरची नजर फक्त पत्र वाचायलाच काढतेस, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि मला तुझ्यासमोर यायच्या आधी जिन्यात क्षणभर उभं राहायचं होतं.

राहिलो. आता मान वर कर.

धाकटा